घटक ६ : जॅक जॉन्सन – रिंगणातील आणि रिंगणाबाहेरील सामना

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –

• जॅक जॉन्सन या मुष्टियोद्ध्याच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे क्रमाने सांगता येतील.
• ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे झालेल्या सामन्याची सामाजिक पार्श्वभूमी स्पष्ट करता येईल.
• एका क्रीडाप्रसंगाला सांस्कृतिक प्रतीकाचे रूप कसे प्राप्त होते, याचे विवेचन करता येईल.
• चरित्रनायकाचे गुण, त्याचे दोष आणि त्याच्याभोवती निर्माण झालेल्या आख्यायिका यांचा विचार चरित्रकाराने कसा करावा, हे सांगता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ आपणांस परिचित आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील सदाचारी लोकांना त्यांनी तो अर्पण केला होता. आपल्याकडील शूद्रातिशूद्रांच्या दास्याचा विचार करताना फुल्यांना त्या दूरदेशीच्या मुक्तिलढ्याने आशा वाटली. परंतु कायद्याने गुलामगिरी संपली म्हणजे माणूस मुक्त झाला काय? दास्यातून सुटलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्या पुढच्या पिढीच्या वाट्याला कोणते जीवन आले?

या प्रश्नाचे एक बोलके उत्तर जॅक जॉन्सन (१८७८–१९४६) याच्या चरित्रात मिळते. वजनदार गटातील मुष्टियुद्धाचे जगज्जेतेपद मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय होय. १९१० साली रीनो येथे त्याने जिम जेफ्रीज या गोऱ्या मुष्टियोद्ध्याचा पराभव केला. हा सामना खेळाच्या इतिहासात गाजलाच, पण त्याचे परिणाम रस्त्यांवरील दंगलींत, चित्रपटगृहांवरील बंदीत, न्यायालयाच्या निकालांत आणि पुढे लोकगीत, नाटक व संगीत यांतही उमटले. एका माणसाचा विजय हा साऱ्या समाजाचा विजय किंवा पराजय का मानला गेला, आणि त्या माणसाला त्याची कोणती किंमत मोजावी लागली, हे या घटकात आपण पाहणार आहोत.

६.२ विषयविवेचन

६.२.१ बालपण व जडणघडण

जॅक जॉन्सनचा जन्म ३१ मार्च १८७८ रोजी अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील गॅल्व्हस्टन या बंदराच्या गावी झाला. त्याचे वडील हेन्री आणि आई टीना ही दोघेही गुलामगिरीत जन्मलेली होती. यादवी युद्धानंतर त्यांना स्वातंत्र्य मिळाले. वडील शाळेत झाडलोटीचे व देखभालीचे काम करीत आणि आई कष्ट करून संसाराला हातभार लावी. घरात मुले अनेक आणि मिळकत तुटपुंजी, त्यामुळे जॅकचे शालेय शिक्षण थोडक्यातच आटोपले. कोवळ्या वयातच तो बंदरावरील गोदीत मजुरी करू लागला.

गॅल्व्हस्टनच्या गरीब वस्तीत काळी आणि गोरी मुले एकत्र वाढत. आपण कोणापेक्षा कमी आहोत, ही भावना आपल्याला बालपणी कोणी शिकविलीच नाही, असे जॉन्सन पुढे सांगत असे. त्याच्या पुढील आयुष्यातील बेदरकार आत्मविश्वासाचे मूळ काही अंशी येथे सापडते.

गोदीतील मजुरांच्या मारामाऱ्यांतून त्याला मुष्टियुद्धाचा नाद लागला. त्या काळी दक्षिणेकडील शहरांत एक अमानुष करमणूक रूढ होती. अनेक कृष्णवर्णीय तरुणांना एकाच रिंगणात उतरवून, कधी त्यांचे डोळे बांधून, एकमेकांशी लढविले जाई. शेवटपर्यंत उभा राहणाऱ्याच्या पुढ्यात गोरे प्रेक्षक नाणी फेकत. कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्यांच्या कितीतरी कारकिर्दी अशा झुंजींतून सुरू झाल्या आणि जॉन्सनही त्यांतूनच पुढे आला.

८ सप्टेंबर १९०० रोजी गॅल्व्हस्टनवर प्रचंड चक्रीवादळ कोसळले. किमान ६,००० माणसे मृत्युमुखी पडली. जॉन्सन कुटुंबाचे घरही त्यात उद्ध्वस्त झाले. या आपत्तीनंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९०१ मध्ये, जॉन्सनची गाठ जो चॉयन्स्की या अनुभवी ज्यू मुष्टियोद्ध्याशी पडली. चॉयन्स्कीने त्याला तिसऱ्या फेरीत चीत केले. टेक्सासमध्ये बक्षिसासाठी मुष्टियुद्ध खेळणे बेकायदेशीर असल्याने पोलिसांनी दोघांनाही पकडून तुरुंगात टाकले. सुमारे तीन आठवडे ते एकत्र होते. त्या काळात चॉयन्स्कीने या उंच, चपळ तरुणाला बचावाचे धडे दिले. ठोसा मारण्याइतकेच ठोसा चुकविणेही महत्त्वाचे असते, हे जॉन्सन या तुरुंगात शिकला. प्रतिस्पर्ध्याचे ठोसे हवेतच अडवायचे, त्याला दमवायचे आणि योग्य क्षणी प्रहार करायचा, ही त्याची पुढील खेळपद्धती बनली. हीच पद्धती एखाद्या गोऱ्या खेळाडूने वापरली की समीक्षक तिला बुद्धिचातुर्य म्हणत. जॉन्सनच्या बाबतीत मात्र तिची संभावना आळस किंवा भित्रेपणा अशी होई.

६.२.२ वर्णरेषा आणि जगज्जेतेपदाचा पाठलाग

जॉन्सनच्या तारुण्यातील अमेरिका समजून घेतल्याशिवाय त्याच्या संघर्षाचे स्वरूप लक्षात येणार नाही. १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांसाठी आगगाडीचे वेगळे डबे ठेवणे घटनेला धरून असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर शाळा, उपाहारगृहे, पाणवठे आणि स्मशानभूमी अशा सर्व ठिकाणी विभक्तीचे कायदे घट्ट होत गेले. झुंडीकडून कृष्णवर्णीयांच्या हत्या होत आणि अपराध्यांना सहसा शिक्षा होत नसे.

मुष्टियुद्धात काळे आणि गोरे खेळाडू एकमेकांशी लढत असत. मात्र वजनदार गटाचे जगज्जेतेपद हे पुरुषी सामर्थ्याचे सर्वोच्च चिन्ह मानले जाई आणि त्याभोवती वर्णरेषा आखलेली होती. गोरा जगज्जेता आपले पद पणाला लावून कृष्णवर्णीयाशी लढत नसे. १९०३ साली जॉन्सनने डेन्व्हर एड मार्टिन याला हरवून कृष्णवर्णीयांचे म्हणून ओळखले जाणारे वेगळे विजेतेपद मिळविले. परंतु त्या वेळचा जगज्जेता जिम जेफ्रीज त्याच्याशी सामना करण्यास तयार झाला नाही. १९०५ साली जेफ्रीज अपराजित अवस्थेत निवृत्त झाला आणि कॅलिफोर्नियातील आपल्या शेतावर राहू लागला.

पुढे जगज्जेतेपद कॅनडाच्या टॉमी बर्न्सकडे गेले. जॉन्सनने त्याचा पिच्छा पुरविला. बर्न्स इंग्लंडला गेला, तेथे जॉन्सन पोहोचला. बर्न्स ऑस्ट्रेलियाला गेला, तेथेही तो मागोमाग गेला. अखेर ह्यू मॅकिन्टॉश या आयोजकाने बर्न्सला ३०,००० डॉलर देऊ केले, तेव्हा तो सामन्यास राजी झाला. जॉन्सनच्या वाट्याला केवळ ५,००० डॉलर येणार होते, तरी त्याने अट मान्य केली. मॅकिन्टॉश स्वतःच पंच म्हणून उभा राहिला.

२६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे हा सामना झाला. पहिल्या फेरीपासूनच जॉन्सनचे वर्चस्व होते. चौदाव्या फेरीत पोलिसांनी सामना थांबविला. गोरा जगज्जेता कोसळतानाचे दृश्य चित्रफितीवर येऊ नये, म्हणून छायाचित्रणही त्याच सुमारास बंद करण्यात आले. जॉन्सन जगज्जेता झाला.

६.२.३ रीनोचा सामना

जॉन्सनचा विजय अनेक गोऱ्या अमेरिकनांना सहन झाला नाही. सिडनीतील सामन्याचे वार्तांकन करणारा प्रसिद्ध कादंबरीकार जॅक लंडन याने जेफ्रीजला निवृत्ती सोडून परत येण्याचे आवाहन केले. कृष्णवर्णीय जगज्जेत्याला हरवू शकेल अशा गोऱ्या खेळाडूचा शोध देशभर सुरू झाला. अशा खेळाडूसाठी ‘गोऱ्यांची आशा’ या अर्थाचा शब्दप्रयोग रूढ झाला. ऑक्टोबर १९०९ मध्ये स्टॅन्ली केचेल याने बाराव्या फेरीत जॉन्सनला खाली पाडले, तेव्हा ती आशा क्षणभर पालवली. जॉन्सन उठला आणि पुढच्याच क्षणी त्याने केचेलला बेशुद्ध पाडले.

आता केवळ जेफ्रीज उरला होता. त्याचे वजन बेसुमार वाढले होते आणि खेळ सोडून त्याला जवळजवळ सहा वर्षे झाली होती. लोकांचा आग्रह आणि पैशाचे आमिष या दोहोंपुढे तो नमला. गोरा माणूस श्रेष्ठ असल्याचे सिद्ध करण्यासाठीच आपण रिंगणात उतरत आहोत, असे त्याने उघडपणे जाहीर केले. टेक्स रिकार्ड या आयोजकाने १,०१,००० डॉलरचे बक्षीस लावले. चित्रफितीच्या हक्कांचे उत्पन्न निराळेच होते. सामना सॅन फ्रॅन्सिस्को येथे व्हायचा होता. पण कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने ऐनवेळी मनाई केल्यामुळे तो शेजारच्या नेव्हाडा राज्यातील रीनो या छोट्या गावी हलवावा लागला. तेथे अल्पावधीत लाकडी प्रेक्षागार उभारण्यात आले. दिवस निवडला होता ४ जुलैचा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा.

सामन्याआधीच्या लेखनातून त्या काळची मनोवृत्ती स्पष्ट दिसते. जॉन्सन जिंकला तर त्याचे बांधव बरोबरीचे हक्क मागू लागतील, अशी भीती काही वृत्तपत्रांनी व्यक्त केली. याचा अर्थ असा की, दोन माणसांच्या झुंजीतून समानतेचा प्रश्न सुटणार नाही हे ठाऊक असूनही, तो प्रश्न या झुंजीवर टांगला गेला होता.

सामन्याच्या दिवशी कडक ऊन होते. सुमारे २०,००० प्रेक्षक जमले होते आणि त्यांत गोऱ्यांचीच संख्या प्रचंड होती. प्रवेशद्वारापाशी लोकांची शस्त्रे काढून घेण्यात आली. पंच म्हणून स्वतः रिकार्डच उभा राहिला. सामना ४५ फेऱ्यांचा ठरला होता. जॉन्सन ३२ वर्षांचा होता, तर जेफ्रीज ३५ वर्षांचा. जेफ्रीजच्या बाजूला माजी जगज्जेता जिम कॉर्बेट उभा होता आणि जॉन्सनचे चित्त विचलित व्हावे म्हणून तो त्याच्यावर वर्णावरून अपशब्दांचा मारा करीत होता. जॉन्सन हसत हसत त्याला प्रत्युत्तर देई आणि त्याच वेळी जेफ्रीजचे ठोसे अडवीत असे.

देशभर तारयंत्रावरून फेरीगणिक वृत्त जात होते. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांसमोर हजारोंची गर्दी जमली होती. जॉन्सनची आई शिकागोतील पेकिन नाट्यगृहात बसून, वाचून दाखविल्या जाणाऱ्या तारा ऐकत होती. एकेकाळी दास्यात असलेल्या त्या स्त्रीने आपल्या मुलाचा विजय अशा रीतीने ऐकला, हा तपशील लहान असला तरी अर्थपूर्ण आहे.

पहिल्या काही फेऱ्यांतच सामन्याचे चित्र स्पष्ट झाले. जेफ्रीजचा दम कमी पडत होता आणि त्याचा चेहरा सुजत चालला होता. पंधराव्या फेरीत जॉन्सनने त्याला खाली पाडले. आयुष्यात प्रथमच जेफ्रीज जमिनीवर कोसळला होता. तो उठला, पुन्हा पडला, पुन्हा उठला आणि तिसऱ्यांदा पडला. त्याच्यावर पुरते चीत झाल्याचा शिक्का बसू नये म्हणून त्याचे साहाय्यक रिंगणात धावले आणि सामना थांबला. आपण ऐन भरात असतानाही जॉन्सनला हरवू शकलो नसतो, अशी प्रांजळ कबुली जेफ्रीजने नंतर दिली. त्याच्या चाहत्यांना मात्र एवढा मोकळेपणा दाखविता आला नाही.

६.२.४ दंगली, चित्रफीत आणि बंदी

निकालाची वार्ता पसरताच अनेक शहरांत हिंसाचार उसळला. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत आनंदोत्सव सुरू झाले होते. संतप्त गोऱ्या जमावांनी रस्त्यांत, ट्रॅममध्ये आणि घरांतही त्यांच्यावर हल्ले केले. सुमारे वीस माणसे मारली गेली आणि शेकडो जखमी झाली. मृतांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. लॉस एंजेलिसच्या एका प्रमुख वृत्तपत्राने अग्रलेखातून कृष्णवर्णीयांना बजावले की, या विजयाने त्यांचे समाजातील स्थान यत्किंचितही उंचावलेले नाही आणि त्यांनी मान ताठ करू नये. खेळाचा निकाल मान्य करायचा, पण त्याचा अर्थ मान्य करायचा नाही, अशी ही भूमिका होती.

सामन्याची चित्रफीत तयार होती आणि ती जगभर दाखविली जाणार होती. छापील बातमीपेक्षा हलती चित्रे अधिक परिणामकारक ठरतील, याची जाणीव राज्यकर्त्यांना होती. धार्मिक संघटनांनी बंदीची मोहीम उघडली आणि अनेक राज्यांनी व शहरांनी चित्रफितीच्या प्रदर्शनास मनाई केली. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे मुष्टियुद्धाचे चाहते होते, पण त्यांनीही अशा चित्रफितींवर बंदी असावी असे लिहिले. १९१२ साली अमेरिकी संसदेने मुष्टियुद्धाच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास बंदी करणारा कायदा संमत केला. हा कायदा १९४० पर्यंत टिकला.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. १९१५ साली ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा कृष्णवर्णीयांना हिंस्र व हीन रूपात दाखविणारा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याविरुद्ध तीव्र निदर्शने झाली, तरी तो देशभर चालला आणि राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानीही दाखविण्यात आला. कृष्णवर्णीयाचा विजय दाखविणारी खरी चित्रफीत समाजस्वास्थ्याला धोकादायक ठरली, तर त्याची बदनामी करणारी कल्पित कथा करमणूक ठरली. प्रतिमेवर कोणाचा अधिकार असावा, हा प्रश्न या दोन उदाहरणांतून आपल्यापुढे उभा राहतो.

६.२.५ खाजगी जीवन आणि कायदा

रिंगणात जॉन्सनला हरविता येईना, तेव्हा त्याच्या खाजगी जीवनाकडे लक्ष वळले. तो ऐटीत राहत असे. उंची वस्त्रे, सोन्याने मढविलेले दात आणि वेगवान मोटारी यांची त्याला हौस होती. गोऱ्या स्त्रियांशी त्याचे उघड संबंध होते. त्या काळी दक्षिणेत केवळ अशा संशयावरूनही कृष्णवर्णीयांचे खून पडत. आपण लपूनछपून राहणार नाही, असा जॉन्सनचा बाणा होता. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यासारख्या संयमी कृष्णवर्णीय नेत्याला त्याचे वर्तन समाजाला घातक वाटले. डब्ल्यू. ई. बी. द्यूबॉइस यांनी मात्र त्याच्यावरील रोषाचे खरे कारण त्याचा वर्ण हेच असल्याचे दाखवून दिले.

चरित्रकाराने येथे जॉन्सनचे दोष झाकता कामा नयेत. १९११ साली त्याने एटा ड्युरिया या गोऱ्या स्त्रीशी विवाह केला. तो तिच्याशी एकनिष्ठ राहिला नाही आणि तिला मारहाणही करीत असे. एकाकीपणाने व खिन्नतेने ग्रासलेल्या एटाने सप्टेंबर १९१२ मध्ये आत्महत्या केली. समाजाच्या अन्यायाविरुद्ध ताठ उभा राहणारा हा माणूस घरात मात्र अन्याय करीत होता, हे सत्य त्याच्या पराक्रमाइतकेच नोंदविले पाहिजे.

पुढील महिन्यात लुसिल कॅमरन या गोऱ्या तरुणीच्या संदर्भात जॉन्सनला अटक झाली. वेश्याव्यवसायासाठी स्त्रियांना राज्याबाहेर नेण्यास आळा घालण्याकरिता १९१० साली मान कायदा करण्यात आला होता. तो जॉन्सनवर लावण्यात आला. लुसिलने त्याच्याविरुद्ध साक्ष देण्यास नकार दिला आणि थोड्याच दिवसांत त्याच्याशी विवाह केला. मग सरकारने बेल श्रायबर या त्याच्या पूर्वीच्या मैत्रिणीला साक्षीसाठी उभे केले. १९१३ साली शिकागोत सर्व गोऱ्या सदस्यांच्या ज्युरीने त्याला दोषी ठरविले. त्याला एक वर्ष व एक दिवस तुरुंगवासाची शिक्षा झाली. स्त्रियांच्या व्यापाराविरुद्ध केलेला कायदा येथे स्वेच्छेच्या संबंधांविरुद्ध वापरला गेला होता.

६.२.६ परागंदा जीवन, पराभव व तुरुंगवास

अपिलाचा निर्णय लागण्यापूर्वीच जॉन्सन कॅनडामार्गे युरोपला निघून गेला. पुढील सात वर्षे तो मायदेशाबाहेर राहिला. युरोपातही वर्णभेदाने त्याची पाठ सोडली नव्हती. यापूर्वी १९११ मध्ये लंडनला बिली वेल्स याच्याशी ठरलेला त्याचा सामना चर्चच्या मोहिमेनंतर गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांच्या हस्तक्षेपामुळे रद्द झाला होता. साम्राज्यातील गौरेतर प्रजेवर अशा सामन्याचा काय परिणाम होईल, ही चिंता त्या वादामागे होती.

त्याच्या कारकिर्दीतील आणखी एक विसंगती येथे नोंदविणे आवश्यक आहे. जगज्जेता झाल्यावर जॉन्सनने सॅम लँगफर्डसारख्या बलाढ्य कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्यांना आव्हानाची संधी दिली नाही. गोऱ्या प्रतिस्पर्ध्याशी लढण्यातच अधिक पैसा होता. ज्या रेषेने त्याला वर्षानुवर्षे बाहेर ठेवले, तीच रेषा त्याने इतरांपुढे आखली. डिसेंबर १९१३ मध्ये पॅरिसला बॅटलिंग जिम जॉन्सनशी झालेला सामना हा याला एकमेव अपवाद ठरला.

५ एप्रिल १९१५ रोजी क्यूबातील हवाना येथे धिप्पाड जेस विलर्डने सव्विसाव्या फेरीत जॉन्सनला चीत केले. त्या वेळी जॉन्सन ३७ वर्षांचा होता. आपण हा सामना मुद्दाम हरलो, असे त्याने पुढे सांगितले, पण बहुतेक अभ्यासकांना ते पटत नाही. वय, ऊन आणि सरावाचा अभाव यांमुळे झालेला तो खरा पराभव असावा, असे मानले जाते.

१९२० साली जॉन्सनने मेक्सिकोच्या सीमेवर स्वतःला अमेरिकी अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. लेव्हनवर्थच्या तुरुंगात शिक्षा भोगून तो जुलै १९२१ मध्ये सुटला. यंत्रसामग्रीची त्याला जाण होती. नट आवळण्याच्या पान्ह्यात त्याने सुचविलेल्या सुधारणेला १९२२ साली पेटंट मिळाले.

६.२.७ अखेरची वर्षे

नंतरच्या आयुष्यात जॉन्सनने प्रदर्शनीय सामने खेळले, व्याख्याने दिली आणि रंगमंचावरही तो वावरला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात त्याने काढलेले रात्रीचे करमणूकगृह पुढे दुसऱ्याच्या हाती गेले आणि ‘कॉटन क्लब’ या नावाने जॅझ संगीताचे केंद्र म्हणून विख्यात झाले. विडंबना अशी की, तेथे कलावंत कृष्णवर्णीय असत, परंतु ग्राहक म्हणून गोऱ्यांनाच प्रवेश असे. १९२७ साली जॉन्सनने आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले.

१० जून १९४६ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यात फ्रँकलिंटनजवळ मोटार अपघातात त्याचा मृत्यू झाला. वाटेतील एका उपाहारगृहात वर्णामुळे त्याला इतरांसोबत बसू दिले गेले नाही आणि तो संतापाने भरधाव निघाला, असे सांगितले जाते. त्याचे वय ६८ वर्षांचे होते. शिकागोच्या ग्रेसलँड स्मशानभूमीत एटाच्या शेजारी त्याचे दफन झाले.

६.२.८ सांस्कृतिक वारसा

रीनोच्या सामन्याचा वारसा विविध क्षेत्रांत दिसतो. त्याचे चार पैलू आपण पाहू.

(अ) भाषा व लोकसाहित्य : पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिक काळा धूर सोडणाऱ्या जर्मन तोफगोळ्यांना ‘जॅक जॉन्सन’ म्हणत. वर्ण आणि प्रहारशक्ती यांचा संयोग त्या नावात होता. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लोकगीतांत तर त्याच्या नावाची आख्यायिकाच तयार झाली. ‘टायटॅनिक’ या जहाजावर त्याला वर्णामुळे प्रवेश नाकारला गेला आणि म्हणून तो वाचला, अशी ती कथा. वास्तविक त्या वेळी तो अमेरिकेतच होता. ही कथा घडलेली नसली, तरी ज्यांना सर्वत्र दार बंद होते, अशा समाजाने त्या बंद दारातूनच आपल्या नायकाची सुटका घडवून आणली. लोकसाहित्याचा अभ्यास करताना अशा कथेतील भावसत्य ओळखावे लागते, पण चरित्रात तिची गणना घटनांत करता येत नाही.

(आ) क्रीडा : जॉन्सननंतर कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याला जगज्जेतेपद मिळण्यास १९३७ साल उजाडावे लागले. जो लुईसच्या व्यवस्थापकांनी त्याला कडक आचारनियम घालून दिले. गोऱ्या स्त्रीसोबत छायाचित्र काढायचे नाही, हरलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर आनंद दाखवायचा नाही, असे ते नियम होते. जॉन्सनने केले त्याच्या नेमके उलट वागणे, हीच लुईसच्या स्वीकाराची अट ठरली. १९३८ साली लुईसने जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला पहिल्याच फेरीत हरविले, तेव्हा काळ्या-गोऱ्या अमेरिकनांनी त्याला आपला नायक मानले. एका पिढीने ज्या विजयासाठी दंगली केल्या, तसाच विजय शत्रुराष्ट्राच्या प्रतिनिधीविरुद्ध मिळताच तो राष्ट्राचा गौरव झाला.

(इ) नाटक व संगीत : हॉवर्ड सॅकलर याने जॉन्सनच्या जीवनावरून ‘द ग्रेट व्हाइट होप’ हे नाटक लिहिले. ते १९६७ साली रंगभूमीवर आले आणि त्याला १९६९ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. नायकाची भूमिका जेम्स अर्ल जोन्स याने गाजविली. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जाण्यास नकार दिल्यामुळे मुहंमद अली याचे जगज्जेतेपद त्याच सुमारास काढून घेण्यात आले होते. हे नाटक पाहताना अलीला त्यात आपलीच कहाणी दिसली. जॅझ संगीतकार माइल्स डेव्हिस याने १९७१ साली जॉन्सनला वाहिलेली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली.

(ई) इतिहासाची दुरुस्ती : ज्या चित्रफितीवर एकेकाळी बंदी होती, तीच रीनो सामन्याची चित्रफीत २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत जतनासाठी समाविष्ट झाली. २४ मे २०१८ रोजी राष्ट्राध्यक्षांनी जॉन्सनला मरणोत्तर माफी दिली. शिक्षेनंतर तेव्हा १०५ वर्षे लोटली होती. अशा माफीने गेलेल्या व्यक्तीला काही मिळत नाही, परंतु त्या शिक्षेत अन्याय होता ही नोंद राष्ट्राच्या दप्तरी होते.

६.३ सारांश

जॅक जॉन्सनचे जीवन गॅल्व्हस्टनच्या गोदीपासून जगज्जेतेपदापर्यंत आणि तेथून परागंदा जीवन व तुरुंगवास यांपर्यंत गेले. त्याने स्वतःला कधी समाजाचा प्रतिनिधी म्हणवून घेतले नाही. आपल्या मर्जीप्रमाणे जगता यावे, एवढेच त्याला हवे होते. ज्या समाजात कृष्णवर्णीयाला व्यक्ती म्हणून जगण्याची मुभा नव्हती, तेथे ही साधी इच्छाच बंड ठरली. रीनो येथील त्याच्या विजयाला मोठा अर्थ दिला तो रिंगणाबाहेरच्या समाजाने. एका बाजूने त्या अर्थाचे उत्सव झाले आणि दुसऱ्या बाजूने दंगली, बंदी व खटले झाले. जॉन्सन निर्दोष नव्हता. पत्नीशी त्याचे वर्तन क्रूर होते आणि स्वतःच्या बांधवांना त्याने संधी नाकारली. तरीही त्याला मिळालेली शिक्षा या दोषांसाठी नव्हती. त्याच्या चरित्राचे वाचन करताना त्याला मूर्तीसारखे पूजू नये आणि त्याच्या दोषांच्या आड त्याच्यावरील अन्यायही लपवू नये, हा या घटकाचा मुख्य बोध होय.

६.४ शब्दार्थ

• वर्णरेषा : वर्णाच्या आधारे संधी नाकारणारी अलिखित मर्यादा.
• विभक्तीचे कायदे : सार्वजनिक जीवनात काळ्या व गोऱ्या लोकांना वेगळे ठेवणारे कायदे.
• परागंदा : शिक्षेच्या किंवा संकटाच्या भीतीने देशाबाहेर राहणारा.
• आख्यायिका : लोकांत प्रचलित, परंतु घटना म्हणून सिद्ध न झालेली कथा.

६.५ स्वाध्याय

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. जॉन्सनने जगज्जेतेपद कोणत्या शहरात मिळविले?
२. रीनोच्या सामन्यात पंच म्हणून कोणी काम केले?
३. जॉन्सनच्या जीवनावर आधारित नाटकाचे नाव काय?

(आ) टीपा लिहा.
१. मुष्टियुद्धातील वर्णरेषा
२. मान कायदा आणि जॉन्सनवरील खटला
३. ‘टायटॅनिक’ची आख्यायिका आणि चरित्रलेखन

(इ) सविस्तर उत्तरे लिहा.
१. रीनोच्या सामन्याचा निकाल रिंगणात लागला, पण त्याचा अर्थ रिंगणाबाहेर ठरला, या विधानाची चर्चा करा.
२. जॉन्सन आणि जो लुईस यांना समाजाने दिलेल्या भिन्न प्रतिसादांची कारणे स्पष्ट करा.

(ई) उपक्रम
आपल्या परिसरातील एखाद्या जुन्या मल्लाची किंवा खेळाडूची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवा. त्या माहितीतील घटना आणि आख्यायिका वेगळ्या करून दोन पानांचे चरित्रात्मक टिपण तयार करा.